टॅपेट कव्हर

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये
लाकडी ओंडक्यांवर तीन डिझेल इंजिनं,
आणि त्यांच्यासमोर माझी जीप,
बॉनेट वर करून,
दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखी.

मूळचं पेट्रोलचं केव्हाच गेलं.
ब्लॉकमधली चीर मी नखानं बघितली होती.
वीस वर्षं क्रँक घासते मी,
दोन थाऊची चूक बोटाला कळते,
पण यातलं कुठलं घ्यायचं
ते बोटाला सांगता येईना.

पहिलं डीआय. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं.
बाबालाल मुजावर म्हणतो, हेच टाका बाई,
खानापुरात पार्ट, नंदगडात पार्ट,
जांबोटीत पानपट्टीवर विचारलात तरी वॉशर मिळंल.
चोर्ल्याचा घाट चढतंय.
शिव्या देत, पण चढतंय.

दुसरं टेम्पोतून काढलेलं,
मर्सिडीजच्या नकाशावरचं, लांबोडं, भारी.
त्याच्यासाठी रेडिएटर पुढं सरकवा, क्रॉस-मेंबर कापा.
जावई उंच आहे म्हणून
कुणी चौकट तोडतं का?

तिसरं प्यूजो, गडहिंग्लजच्या भंगारातलं.
खरेदीची पावती मराठीत, हमालीची कन्नडमध्ये.
आरटीओत चौकशीला गेले तर साहेबानं दोन्ही उलटून बघितल्या.
इंजिन मूळचं कुठलं?
फ्रान्सचं, म्हटलं.
तेवढ्यापुरता तो हसला, आणि अजून एक झेरॉक्स मागितली.

प्यूजोचा आवाज मऊ.
त्याच्या पंपाचे पार्ट कोण विकतं
ते विकणारेसुद्धा विसरलेत.

सांतानमामा रोज चारला येतो,
ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसतो.
मिशनच्या दवाखान्यासाठी हीच जीप
त्यानं चौदा पावसाळे चालवली.
कणकुंबी, पारवाड, आमटे.
मागं आडवी बाई, सिस्टरच्या हातात कंदील,
पुढं काचेवर फक्त पाणी.

बाबालाल त्याला अश्वशक्ती सांगतो, मायलेज सांगतो.
मामा ऐकून घेतो. मग विचारतो,
‘ह्यातलं कमी कुठलं हादरतंय गं?’

हे कुणीच विचारलं नव्हतं.
मीसुद्धा.

चहा आला तेव्हा
मी माझा ग्लास चालू डीआयच्या टॅपेट कव्हरवर ठेवला.
तो नाचत कडेला गेला आणि खाली पडला.
बाबालालनं तोंड फिरवलं.
त्याचा ग्लास मागून घेतला, टेम्पोवाल्यावर ठेवला,
चहावर बारीक चरे उठले, थोडा बुडाखाली सांडला.
तोच ओला ग्लास उचलून प्यूजोवर.
साय हलली.
फाटली नाही.

मामा वाकून त्या सायीकडं बघत राहिला, बराच वेळ.
‘कळा देणाऱ्या बाईला
खड्ड्याचं काय न्हाई. एकदाच बसतोय.
हादरा थांबत न्हाई बघ.’

निर्णय चुकीचा आहे, मला माहीत आहे.
या जीपमध्ये आता कुणी आडवं झोपणार नाही.
मीच चालवणार, एकटी, रविवारी,
हेमाडग्याच्या रानातून, चिखल बघून बघून.
मला पार्ट लागतील, ओढ लागेल,
सायीचं मी काय करू?

तरी प्यूजो म्हटलं.

बाबालाल तीन दिवस बोलला नाही.
चौथ्या दिवशी त्यानंच हुबळीला फोन लावला,
पंपाच्या एका स्प्रिंगसाठी
अर्धा तास कन्नडमध्ये भांडला,
आणि फोन ठेवून मला म्हणाला,
‘काय बघूलालासा? पाना द्या की.’

आज चेनब्लॉकनं इंजिन फ्रेममध्ये उतरवलं.
एक माउंट अर्धा इंच खोटं निघालं,
ते उद्या परत ओतायचं.
मामा आला नाही. गुडघा धरलाय, निरोप आला.

उजेड होता तोवर रंग काढला.
टॅपेट कव्हरवर ग्लासाच्या बुडाचा
तपकिरी गोल होता, एका बाजूला पुसट.
थिनरच्या एका बोळ्यानं गेला असता.
मी ब्रश त्याच्या कडेकडेनं फिरवला.