वाटा

पहाटे धक्क्यावर दिवे पिवळे
आणि लिलाव उलटा:
इथे भाव चढत नाही, उतरतो.
भिंतीवरच्या पाटीवर आकडे घसरत येतात,
सगळे गप्प, हात खिशात,
जणू कुणाला काही नकोच आहे.
मग कुणीतरी, मान न हलवता,
खिशातल्या खिशात बटण दाबतो.
गेल्या माकुळाच्या नऊ पेट्या.

मी खायला आलो होतो. खरं तेच.
काल दुपारी पेर्सेबेस मागवले,
लाटांच्या माऱ्यातून खरवडून आणलेले,
म्हाताऱ्या कासवाच्या बोटांसारखे.
सोलताना खारट पाणी थेट शर्टावर उडालं,
शेजारच्या टेबलावरचं पोर खुदकन हसलं.
बिल बघून मी हसलो नाही.

आज जाळ्यांच्या शेडमध्ये ओब्दुलिया.
सत्तरीची, प्लास्टिकची खुर्ची, पायांत लोकरी मोजे,
मांडीवर हिरवं जाळं,
तिथून दारापर्यंत, दारातून बाहेर,
कुठे संपतं ते दिसत नाही.
टोक धर, म्हणाली, खुणेनंच.
धरलं.
तासभर मी फक्त एक टोक होतो.

विचारलं, सगळ्यात चांगला मासा कोणता?
सुई न थांबवता म्हणाली, "बटाटा."
पलीकडच्या दोघी इतक्या हसल्या
की एकीची गाठ चुकली,
सोडवून पुन्हा घालावी लागली.

बोट लागली की घरचा वाटा आधी निघतो.
तो पाटीवर चढत नाही,
वजनकाट्यावरही नाही. मुठीनं.
पिशव्या दारांच्या कड्यांना लटकतात:
शाळेच्या बाईंच्या, औषधवाल्याच्या,
यंदा पाय मोडून घरी बसलेल्या एलादियोच्या.

संध्याकाळी माझ्या खोलीच्या कडीला पिशवी.
आत पाच तारल्या, बर्फाचं झालेलं पाणी.
चिठ्ठी वगैरे काही नाही.

खोलीत चूल नाही, तवा नाही, साधी सुरी नाही.
पिशवी घेऊन उतार उतरलो,
फरशीवर थेंबांची रेघ,
मागे एक मांजर, मग दोन.
दोन दिवस ज्यांनी माझ्या आरपार पाहिलं
त्यांची नजर आता पिशवीशी थांबत होती.
बारवाल्या सेवेरिनोनं आत डोकावून विचारलं,
कुठल्या बोटीच्या?

बोटीचं नाव मला ठाऊक नव्हतं.
"जाळ्याच्या," म्हणालो,
शब्द चुकीचा, व्याकरण त्याहून.
त्यानं तवा तापत ठेवला.