माजी, त्याच मापात

पाटी करायला येणारा प्रत्येक माजी
आधी एकच सांगतो:
'माजी' बारीक घाल हुसेन,
रस्त्यावरनं दिसू नये.
मी घालतो. मुंगीएवढा.
गंगावेशीत दूध पीत उभं राहून वाचलं
तर माणूस अजून आमदारच.

केरबा मगदूम तेवढे वेगळे निघाले.

पण ते नंतर. आधी भिंती.

ऐंशी सालची पहिली भिंत तालमीची,
चुन्यात नीळ कालवून दोन हात, वर नाव.
अण्णा तेव्हा दूध संस्थेचे सेक्रेटरी,
सायकलला किटल्या नाहीत, नुसत्या वह्या.
सहाशे अकरा मतांनी पडले.
दोन पोती गुलाल आणून ठेवला होता,
तो म्हसोबाच्या जत्रेत संपला.

पंच्याऐंशीला चाळीस गावं रंगवली.
पोरीच्या बारशाला मी घरी नव्हतो,
शिडीवर होतो.
निकालाच्या रात्री लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं,
त्या रेट्यात एक वहाण गेली.
नवा आमदार एका पायात वहाण घालून
आईच्या पाया पडायला गेला.
म्हातारी म्हणाली, दुसरी कुठं टाकलीस?

नव्वदला दोनशे तेरा मतांनी आले.
तीनदा मोजली.
त्या पाच वर्षांत ओढ्यावर पूल झाला.
पूल आहे अजून.
त्यांच्या नावाची फरशी पुढच्यानं उखडली,
ती एका गोठ्यात उलटी घातलीय,
म्हशी उभ्या असतात.

पंच्याण्णवला तिकीट कापलं.
कारखान्याच्या गेस्टहाऊसवर कोण बसलं, काय ठरलं,
मी पेंटर माणूस, मला काय ठाऊक.
पहाटे पाचला शटर वाजलं,
दारात आमदार, कानाला मफलर.
"अपक्ष लढतोय. चिन्ह किटली मिळालंय.
येतंय न्हवं काढायला?"

किटली सोपी नसते.
तोटीचा बाक चुकला की बदक दिसतं.
सत्तावीस काढल्या, उधारीवर.
आठवड्यात प्रत्येकीखाली कुणीतरी लिहून गेलं:
चहा गार झाला.
अक्षर ओळखीचं होतं.
त्या पोराला वळण मीच लावलेलं.

डिपॉझिट गेलं.

मधे एकदा, दोन हजार चारला,
पुन्हा फॉर्म आणला म्हणे त्यांनी.
सुशीलाक्कांनी त्यावर
दुधाचं तापलेलं पातेलं उतरवलं.
ती निवडणूक तेवढीच झाली.

परवा गारगोटी गाडीनं आले.
आमदारांच्या राखीव सीटवर दोन पोरी झोपलेल्या,
उठवलं नाही म्हणाले, कॉलेजच्या असतील,
उभ्यानं आलो.
लेकानं घर बांधलंय, पाटी पाहिजे.
मी सवयीनं विचारलं,
अण्णा, 'माजी' बारीक घालू?

ते चष्मा पुसत राहिले.
"आमदार धा वर्सं हुतो.
माजी तीस वर्सं हाय.
मोठं कुठलं घालायचं,
तूच सांग."

मग धोतराच्या सोग्यातून एक पुडकं काढलं.
दोऱ्यानं बांधलेलं, वर पेन्सिलीनं 'हुसेन'.
"किटल्यांचं. सत्तावीस न्हवं?"
सव्वीस धरा अण्णा,
एकीवर घरमालकानं दुसऱ्या दिवशीच चुना मारला.
"तू काढलीस न्हवं?
मग सत्तावीस."

चहा घेतला नाही. चारची गाडी होती.

ते गेल्यावर दोरा सोडला.
नोटा सगळ्या पाचशेच्या,
जुन्या. बंद पडलेल्या.
म्हणजे पुडकं कधीचं बांधलेलं होतं
आणि मधे कधी येणं झालं नव्हतं,
किंवा दुकानाच्या दारापर्यंत येऊन ते परत गेले असतील.

पाटी खुर्चीवर वाळत टाकलीय.
पट्टी लावून बघितलं,
दोन्ही शब्द चार इंच.
पुडकं गल्ल्यात ठेवलंय.
पावती फाडली, सत्तावीस लिहिलं,
पाटीबरोबर देईन.