पोच

दाव्याच्या पहिल्या पानावर आहे:
वादी, हेमलता वसंत तांबट, वय बावन्न,
धंदा कारखानदारी, राहणार अंबड, नाशिक.
मग ओळीच्या मधोमध एकटाच शब्द, विरुद्ध.
त्याखाली, महाराष्ट्र शासन.
त्याचं वय लिहिलेलं नाही.

बाराशे चाळीस फवारणी पंप.
पाठीवरचे, सोळा लिटरचे.
एकेकात पाणी भरून, दांडा मारून बघितलेले.
सासरे तांबट आळीत हंडे ठोकायचे,
हंडा वाजवून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नसत.
तीच सवय.
पेठ, कळवण, सुरगाणा, टेंपोच्या एकवीस खेपा.
बावीस लाख चौऱ्याण्णव हजार, व्याज वेगळं.
रात्री हिशेब मनात आला तर मी नुसतं
चौऱ्याण्णव हजार म्हणते.
बावीस लाख म्हटलं की झोप जाते.

कृषी कार्यालयात आधी म्हणाले, बिल पुटअप केलंय.
मग म्हणाले, हेड बदललं.
मग मार्च आला. निधी आला,
माहेरवाशिणीसारखा दोन दिवस राहून
परत गेला.
नवीन साहेब म्हणाले, ही योजना माझ्या काळातली नाही.
मी म्हटलं, पंप तुमच्या काळात चालतायत.
त्यांनी बेल दाबली. चहा आला नाही, शिपाई आला.

गुजराथी वकील म्हणाले, कलम ऐंशीची नोटीस द्यावी लागेल.
सरकारला कोर्टात ओढायचं तर
दोन महिने आधी सांगायचं असतं.
लग्नात म्हणतात तसं, सावधान.
एकसष्टाव्या दिवशी मी कोर्ट फी भरली.
तीही उसनी.

शासनाची कैफियत साडेतीन पानांची.
माल मिळाल्याचे नाकबूल.
पोचपावतीवरील सही नाकबूल.
सही करणारे गांगुर्डे निवृत्त, पत्ता उपलब्ध नाही.
(गांगुर्डे मला दर गुरुवारी
गंगेवर भाजी घेताना दिसतात.
मान खाली घालून मेथी निवडतात.)

मागच्या रविवारी बोरगावला गेले.
उतारावर स्ट्रॉबेरीच्या ओळी,
आणि एक बाई पाठीवर पंप घेऊन चाललेली.
पिवळी टाकी उन्हानं पांढुरकी,
तुटल्या पट्ट्याच्या जागी साडीचा काठ,
बुडाशी मीच उमटवलेला नंबर, सातशे अकरा.
नाकबूल माल माझ्यासमोर
फुस्स फुस्स करत होता.

यमुना भोये तिचं नाव.
पंप कुठला, विचारलं.
सरकारनं दिला, म्हणाली.
चांगलाय. दांड्यापाशी गळतो तेवढा.

फोटो काढायला गेले होते मी.
पुरावा म्हणून, नंबर दिसेल असा.
पण गळतो म्हटल्यावर
हात पिशवीतल्या वायसरकडेच गेला.
बांधावर बसून दांडा उघडला,
जुना वायसर चिरलेला, नवा बसवला,
पाणी भरून, दांडा मारून दाखवला.
गॅरंटी एका वर्षाची होती, कधीच संपली.
पण ते मला कबूल कसं करता आलं असतं?

ती म्हणाली, तू सरकारची बाई का?
म्हटलं, नाही गं. मी विरुद्ध.
ती हसली, तिला काय कळलं कोण जाणे.
निघताना द्रोणभर स्ट्रॉबेरी दिली,
सहीबिही काही मागितली नाही.

फोटो राहिला, हे वणी गेल्यावर आठवलं.

काल पुकारा झाला.
सरकारी वकिलांनी मुदत मागितली, मिळाली.
फाइलच्या कोपऱ्यावर लाल डाग बघून
गुजराथी म्हणाले, हे काय सांडलं?
म्हटलं, पोच आहे.
त्यांनी रुमालानं पुसला. गेला नाही.
पुढची तारीख एकोणीस.