नोंद नसलेले गोल

एतागेन्यने लीगमध्ये एकशे बारा गोल केले,
संघटनेच्या वहीत आहेत, निळ्या शाईने.
सरावात माझ्यावर किती केले
ते फक्त मला आणि माझ्या उजव्या कोपराला माहीत.

दब्रे बिऱ्हानची पोर. तिथे रात्री इतकी थंडी
की मेंढ्या एकमेकींच्या अंगात शिरून झोपतात.
आधीचे चार भाऊ, पाचवी ही.
'बहीण लाभली' अशा अर्थाचं नाव बापाने ठेवलं,
भावांना लाभला पाचवा गडी.
चेंडू म्हणजे चिंध्या कोंबलेला मोजा,
तोही बापाचा, एकुलत्या जोडीतला.
शिफेराव हिवाळाभर एका पायात मोजा घालून
ब्लँकेटच्या कारखान्यात गेला.
कुणी विचारलं तर म्हणायचा,
दुसरा पाय शिकायला पाठवलाय.

जन्म पागुमेच्या सहाव्या तारखेचा.
आमचा हा तेरावा महिना पाच दिवसांचा,
सहावा दिवस चार वर्षांतून एकदा डोकावतो.
कारकुनाला असली तारीख पटेना.
त्याने दुसऱ्या दिवसाची लिहिली, म्हणजे नवं साल,
आणि एका सहीत ती वर्षाने लहान झाली.
"म्हणून मी सगळ्यांच्या आधी पोचते," ती सांगायची,
"एक वर्ष जास्तीचं आहे ना खिशात."

अदिसला बँकेच्या संघात आमची खोली एक.
पुरुषांना मैदान दुपारचं. आम्हाला पहाटे बारा वाजता.
(हसू नका, आमचं घड्याळ
सूर्य उगवला की मोजायला लागतं.)
दव, निलगिरीचा धूर,
आणि अठरा यार्डांवर ती.

मोठ्या उपवासात पंचावन्न दिवस
दूध नाही, अंडं नाही. प्रशिक्षक डोकं धरून बसायचे.
ती शिरो-इंजेरावर पळायची
आणि आपलं अंडं माझ्या ताटात सरकवायची,
पुण्य तिला, प्रोटीन मला.
मग मैदानात उजवीकडे बघायची, डावीकडे मारायची.
मला ठाऊक असायचं. तरी मी उजवीकडे झेपावायचे.
समोरच्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा,
ही आईची शिकवण. मोडता मोडत नाही.

देशासाठी अकरा सामने.
परदेशी क्लबचं पत्र आलं तेव्हा
त्या तारखेवर कुणीतरी बोट ठेवलं.
खिशातलं वर्ष असं खर्च झालं.
ती काही बोलली नाही.
आठवडाभर वसतिगृहाच्या भिंतीवर चेंडू मारत राहिली,
गिलावा पडला. अजून तिथे डाग आहे,
कुठल्या नकाशासारखा वगैरे नाही,
नुसता डाग.

पुढे मी हवासाच्या संघात गेले.
अंतिम सामना, शेवटची मिनिटं, पेनल्टी,
आणि चेंडूमागे कोण, तर हीच.
ती उजवीकडे बघत होती.
नऊ वर्षांची सगळी लबाडी मी मनात मोजली,
आईची शिकवण बाजूला ठेवली
आणि जीव खाऊन डावीकडे झेपावले.

उजवीकडे मारला तिने.
आयुष्यात एकदाच डोळे खरं बोलले,
तेही मी ऐकायचं थांबवल्यावर.
उठवायला आली तेव्हा कानात म्हणाली,
"अस्काले, कोपर बघू."

आता जुन्या बँकेने मला काउंटरवर घेतलंय,
नेमकं तिच्याच गावच्या शाखेत.
ती तीस-एक पोरींना शिकवते, गुडघा ओढत.
महिन्याच्या महिन्याला येते, चेंडूंचे पैसे काढायला.
बापाला नवे मोजेही घेते म्हणे,
आणि तो ते जपून ठेवतो, घालत नाही.
काचेखाली चिठ्ठी सरकवताना
आजही बघते भलतीकडे.

रांग खोळंबते. मॅनेजर खोकतो.
माझे दोन्ही हात काउंटरवर,
आणि मी अजून ठरवलेलं नाही.