बेदाण्यांचं पाणी

शनिवारी संध्याकाळी तासगावचे बेदाणे धुऊन
मी पातेल्यात उकळत ठेवते.
मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं
ऑपरेशनआधी हात धुतले,
स्वच्छतेचं मला कुणी शिकवू नये.
उद्या प्रभुभोजन. छोटे प्याले, एकशे चौदा.

मंडळीत सध्या दोन बाजू आहेत,
मध्ये नवरी चालत जाते तेवढी वाट.
डावीकडे शलमोनभाऊंची माणसं,
कबरस्तानाच्या भिंतीचा शब्द मिळालेली.
उजवीकडे पोरं. शब्द म्हणजे चुना, म्हणतात,
पहिल्या पावसापर्यंतचा.

भांडण मात्र पाण्यावरून.
दगडफेकीच्या रात्री पलीकडच्या मोमीन गल्लीचा नळ फुटला,
जोडायला अजून कुणाला सवड नाही.
आमच्या आवारात बोअर आहे.
भिंतीवरून पाइप टाकायचा, एवढाच ठराव,
पंचकमेटी तीनदा बसली.
‘आधीच आपल्याला बाटवणारे म्हणतात.’
‘थोडे आहोत, थोड्यांसारखं राहावं.’
पाळकसाहेब म्हणाले, राजकारण चपलांसारखं
देवळाबाहेर काढून या.
मी बघितलं, चपला एकाच ढिगात होत्या
आणि जाताना प्रत्येकानं
न चुकता आपापलीच घातली.

अधिकाऱ्यांसाठी दर रविवारी प्रार्थना असते,
नाव न घेता.
देवाला ठाऊक असतं म्हणून,
की रस्त्यावर ऐकू जाईल म्हणून?

काल उमेदवार थेट माझ्या चुलीपर्यंत आला.
‘सिस्टर, तुमची मतं किती?’
‘एक.’
तो हसला. मग अगदी मऊ आवाजात,
‘ते पाइपचं तेवढं निकालानंतर बघा.’
भिंतीपलीकडे कुणीतरी
रिकामी घागर खाली ठेवली.

तो गेल्यावर बेदाणे धुतलेलं पाणी
मोरीत ओतता ओतता हात थांबला.
एका प्याल्यामागे किती पाणी जातं,
इतक्या वर्षांत मोजलं नव्हतं.

आज पहाटे साडेपाचला मोटर चालू केली.
ठराव नाही, सही नाही.
बागेचा जुना पिवळा पाइप,
आणि भिंतीवर बसलेला जैतुनबींचा नातू,
‘आलं, आलं!’ म्हणून ओरडणारा.
शलमोनभाऊंनी खिडकी उघडली,
बघितलं,
लावून घेतली.

दहाला घंटा होईल.
प्याल्यांचं तबक आज भाऊंच्याच हातात आहे,
माझ्या बाकापाशी ते किती वेळ थांबतात
हे सगळ्यांना दिसेल.
पाइप जोडापाशी अजून गळतोय, चिंधी बांधलीय.
आणि मंडळीच्या वहीत लिहून ठेवलंय,
विजेचं जास्तीचं बिल
सुलभा रत्नाकर सोज्वळ हिच्या नावावर टाकावं.