अण्णांची पाटी

कपाटातून लोलक मीच काढतो.
खांबावरची जर्मन अक्षरं अर्धी पुसलेली;
पाटी मात्र तांबट आळीतली,
मूळची हरवली तेव्हा अण्णांनी ठोकून दिलेली.

क्षेमकल्याणी मॅडम म्हणतात, “सोडा.”
झुलते. कळ दाबली
की चुंबकाच्या फटीत येऊन थबकते,
मागून कुणी हाक मारावी तशी.
“पण तांबं तर चुंबकाला चिकटत नाही!”
मागचा बाक, दरवर्षी.

“आत भोवरे उठतात.”
होळकर पुलाखाली पोहताना
पायाला धरणारं पाणी
वरून शांतच दिसायचं.

मग कंगव्यासारखी चिरलेली पाटी लावतो.
ती झुलतच राहते. भोवऱ्याला जागा कुठाय?

तास संपल्यावर
अण्णांच्या पाटीला हात लावून बघतो.
हातोडा खाली ठेवल्यावर तांबं लागायचं
तशी कोमट.
की माझाच हात?