जन्माचा पुरावा

कोतवाल बुकात बेबीचं नावच नाही.
"महादेव उमाटे, मुलगी एक"
एवढंच. अन् तारखेच्या जागी
कसरीनं खाल्लेलं भोक.

शाळेत मास्तरनं एक जुलै लावली,
तशी थे साऱ्या वर्गालेच लावली होती.
पासपोर्टावर बेबीनंदा, टीशीवर बेबी,
अन् पोरगा ओहायोत, आता तिकडचा नागरिक,
फोनवर म्हनते, "आई, कागद जुळले पाह्यजे,
नाही त मुंबईच्या खिडकीतूनच वापस धाडतीन."

म्हनून मी दारव्ह्याले आली.
पाचशेचा स्टॅम्प, टायपिंगचे अलग.
वकील विचारते, "मावशी,
जन्माच्या वक्ती तुमी हजर होत्या?"

होती. सहा वर्साची.
पोया होऊन दोन दिवस झालते,
बैलायच्या शिंगाचा बेगड आंगनात उडत होता.
दाईनं मले राख आनाले धाडलं,
टोपलं घेऊन आली त ही रडत होती,
माह्यापेक्षा मोठ्यानं.

हे काही त्यानं टाइप केलं नाही.
"मी सदर इसमास जन्मापासून ओळखते."
सही केली मी: कांता उमाटे.
थो म्हने, "हे माहेरचं. आधारावर ढोमने हाय,
तुमच्याच नावाचा पुरावा आना आंधी."

दोन हप्ते गेले त्यात.

आज झालं. ही इथलीच हाय
हे मी लिहून देल्लं,
तवा कुठं तिले इथून जाता येईन.

येष्टीत बेबी आलुबोंड्याचा कागद घडी करत म्हने,
"बाई, खरंच दोन दिवस झालते?"
राख खरी, मी म्हनलं.
दिवस चारबी असतीन.